जावयाला बोलायचं नसतं

कसबा पेठ, पुणे
१८ ऑगस्ट

चि. अवनी,

फोन करू नकोस म्हणालीस. पत्र लिहू नकोस असं काही म्हणाली नाहीस. म्हणून लिहिते आहे. सगळा जन्म पोस्टाच्या खिडकीत गेला, तेव्हा पाकिटावर पत्ता कसा घालायचा एवढं मला येतं. वाचायचं की नाही ते तू ठरव. फाडलंस तरी बंगळुरूहून मला आवाज ऐकू येणार नाही.

तर, तू जे करू नकोस म्हणालीस तेच मी सुरू केलं आहे. वारज्याचं घर विकायचं नाही, दुरुस्त करायचं. 'त्या घरावर एक रुपया जरी घातलास तर मला फोन करू नकोस' हे तुझे शब्द आणि 'बरं' हे माझं उत्तर. दोघींनीही शब्द पाळला. आपल्या घराण्यात हट्टाला कमतरता नाही, हे तुझे बाबा उगाच म्हणायचे नाहीत.

तुझं म्हणणं चूक आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही. नदीकाठची सोसायटी, त्यात तळमजला, त्यात मी एकटी. धरणातून पाणी सोडलं की पुन्हा आत येणार, हेही मला कळतं. माझं फक्त एवढंच म्हणणं आहे की मला तिथे राहायचंय. सकाळी माझ्या चहाची वेळ मी ठरवावी, एवढीच हाव आहे. या वयात याहून मोठी हाव झेपत नाही.

बाळभाऊजींबद्दल तक्रार नाही. पाणी शिरलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुझ्या काकांनी रिक्षा करून मला इथे आणलं, आतली खोली दिली. तुझी शर्मिलाकाकू दोन्ही वेळा ताट हातात देते. पण मला साधा कांदा चिरू देत नाही. 'ताई, तुम्ही बसा.' मी बसते. सकाळी टॉवेल घेऊन बाथरूमच्या दारासमोर उभी राहते, बाळभाऊजी बाहेर येतात आणि म्हणतात, 'वहिनी, तुम्ही आधी जायचंत ना.' रोज म्हणतात. तिसऱ्या दिवशीही राहील त्या पाहुण्याची अक्कल गेली म्हणतात. माझी जाऊन आता बरेच आठवडे झाले.

घरात अजून गाळाचा वास आहे. भिंतीवर माझ्या खांद्याइतक्या उंचीला पाण्याची रेघ आहे, सगळ्या खोल्यांतून सारखी, जणू कोणी पट्टी लावून ओढली. फ्रिज स्वयंपाकघरातून निघून हॉलमध्ये आडवा पडला होता, तो भंगारवाल्याने नेला. लाकडी म्हणून जे जे होतं ते सगळं फुगून गेलं. लोखंडी कपाट तेवढं उभं राहिलं.

इंद्रजीत नावाचा एक कॉन्ट्रॅक्टर ठरवला आहे. पांढरे बूट घालून गाळातून चालत आला, म्हणजे धाडसी असावा. मोबाईलवर मला परक्या लोकांचे दिवाणखाने दाखवत होता. 'मॅडम, आपण थीम काय ठेवायची?' म्हणाला. मी म्हटलं, 'कोरडी.' तो मान हलवून म्हणाला, 'छान, सध्या चालतंय ते.'

दमले आहे. बाकी बरं. तू डबा नेत जा, बाहेरचं खाऊ नकोस.

तुझी आई


कसबा पेठ
१५ सप्टेंबर

चि. अवनी,

उत्तर आलं नाही, पण पाकीटही परत आलं नाही. पोस्टाच्या भाषेत याला पोचलं असं म्हणतात.

खाली ढोल वाजताहेत. गणपतीचे दिवस आणि कसबा पेठ, त्यामुळे रात्री झोप नाही आणि दुपारी ती शर्मिलाच्या सीरियलमुळे नाही. मी तुला लिहायला बसले की शर्मिला विचारते, 'अवनीला का?' मी म्हणते, 'नाही, महापालिकेला.'

इंद्रजीतला घालवला. भिंती आतून ओल्या असताना गडी त्यांच्यावर पुट्टी फासून मोकळा झाला. आधी जुना गिलावा खरवडायचा, आतल्या विटा सुकू द्यायच्या, मग पुढचं काम, हे मला चार जणांनी सांगितलं होतं आणि मी त्याला चाळीस वेळा. 'मॅडम, केमिकल टाकलंय, डोन्ट वरी.' आठवड्यात भिंतीला पोपडे आले. कांजिण्या झालेल्या पोरासारखी दिसायला लागली. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिले आणि म्हटलं, 'अहो इंद्रजीत, आपण माझ्यासाठी फार कष्ट घेतलेत. आता घरी जाऊन विश्रांती घ्या. आणि घाईने बरे होऊ नका.' याच्या आधीचं जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. सोसायटीतले लोक खिडक्यांत आले होते.

आता पुढचं. हे वाचून पत्र फाडशील, तरी सांगते, कारण दुसऱ्या कोणाकडून कळलं तर जास्त चिडशील. काम मी ऋषीला दिलं आहे.

हो, तोच ऋषी. तुझा नवरा. होता, असं लिहायला हवं, माहीत आहे मला. चार वर्षं झाली. भांडण नाही, तंटा नाही, दोघांनी येऊन माझ्यासमोर चहा पीत पीत सांगितलंत की आम्ही वेगळे होतोय. वर त्याने पोह्यांची स्तुती केली. लोकांच्या घरात भांडी आपटतात तेव्हा कुठे घटस्फोट होतात. तुमचा कसा झाला ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्याला मी बोलवायला गेले नव्हते. तुला तेव्हा नीट सांगितलं नाही, आता सांगते. पाणी शिरलं त्या सकाळी माझा फोन घरातच राहिला, पाण्यात गेला. मी पहिल्या मजल्यावरच्या जिन्यात चादर पांघरून बसले होते. खाली बघते तर चढत्या, कमरेइतक्या पाण्यातून ऋषी येतोय, खांद्यावर दोर. म्हणाला, 'आई, घाबरू नका. औषधं कुठे ठेवलीत ते सांगा.' आत जाऊन माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि चष्मा घेऊन आला. पुढे गाळ उपसायलाही त्याचीच माणसं होती. वारज्यात त्यांचं घर, बांधकामाचा धंदा, गावची मंडळी मदतीला उतरलीच होती, त्यातलाच तोही, असं मी धरून चालले. तरी माणूस उगाच कमरेइतक्या पाण्यात उतरत नाही, एवढं मात्र लिहून ठेवते.

यात माझा काही हेतू नाही. काम चांगलं करतो, जवळ राहतो, वेळेवर येतो. एवढंच.

तुझी आई

ता. क. त्याने अजून दुसरं लग्न केलेलं नाही. सहज लिहिलं.


कसबा पेठ
६ ऑक्टोबर

चि. अवनी,

काम चालू आहे. रेघेच्या वरपर्यंत सगळा गिलावा काढला, विटा उघड्या केल्या, मोठे पंखे लावून घर सुकवलं. मी रोज मनपाच्या थांब्यावरून वारजे माळवाडीची बस धरते, कधी बसायला मिळतं, कधी नाही. दुपारपर्यंत पोचते. डबा घेऊन जाते.

डब्यात शिरा असतो, शर्मिला उठायच्या आत मीच करते. तू हसशील. पण मला सांग, जावई दारात आला आणि त्याच्यापुढे नुसती भाजीपोळी ठेवली, असं माझ्या हातून कसं होईल? जावई नाही, हे कळतं. हाताला कळत नाही. तो विटांच्या ढिगावर बसतो, मी त्याला आधी वाढते, मग गवंडी, मग बिगारी. तो म्हणतो, 'आई, तुम्हीही घ्या.' मी म्हणते, 'तुमचं होऊ द्या.' त्याला मी अजून 'तुम्ही'च म्हणते. गवंड्याने एकदा विचारलं, 'साहेब, या तुमच्या कोण?' ऋषी म्हणाला, 'क्लायंट.' मला फार लागलं ते.

आता खरी अडचण सांगते. कोणालाच सांगता येत नाही म्हणून तुला. जावई कॉन्ट्रॅक्टर असला की त्याला बोलता येत नाही. दसऱ्याला घरात जायचं ठरलं होतं, ते काही होत नाही. इंद्रजीत असता तर त्याला मी सोलून काढला असता. याला म्हटलं, 'काही हरकत नाही, सवडीने होऊ द्या.' सवड! इथे शर्मिलाने माझ्यासमोर कॅलेंडर खाली काढून पुसलं आणि परत लावलं.

स्वयंपाकाचा ओटा त्याने खिडकीखाली घेतला. मला जुन्या जागी हवा होता. मी म्हटलं, 'छान दिसतो.' सगळ्या घराची जमीन वीतभर उचलली, पुन्हा थोडंथोडकं पाणी आलं तर आत येऊ नये म्हणून. ते चांगलं केलं. पण मला विचारलं असतं तर मी काय नाही म्हणणार होते? माझ्या आत्याबाई म्हणायच्या, जावई म्हणजे दहावा ग्रह. नवांची शांत करता येते, दहाव्याला नुसतं जेवायला घालायचं. ते मी करते आहे.

परवा त्याची आजी आली होती काम बघायला. सोजरबाई, तुला फार आवडायच्या. काठी टेकत सगळ्या खोल्या फिरल्या आणि मागच्या दारातून नदीकडे बघत म्हणाल्या, 'हितं आमी फकस्त वांगी लावायचो. घरं न्हाई. ही नदीची जागा हाय.'

मी म्हटलं, 'मग विकलीत कशाला?'

'तुमी घ्यायला आला म्हून,' त्या म्हणाल्या.

मग त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, 'बाई, लई वाळलीस.' मला तिथेच रडू आलं. एवढ्या दिवसांत मी कशी आहे हे कोणी बघितलंच नव्हतं, सगळे घर कसं आहे तेच बघत होते.

तुझ्या खोलीला रंग कोणता द्यायचा, ते तुला विचारणार होते. तोवर ऋषीने फिका पिवळा आणलासुद्धा. तुला तोच आवडतो ना? त्याच्या बरोबर लक्षात आहे. मी काही बोलत नाही. फक्त लिहिते आहे.

पाडव्यापर्यंत नक्की होईल म्हणतो. पाडव्याला तू ये, अवनी. दोन दिवस ये. घर बघ आणि मग हवं तर पुन्हा माझ्याशी बोलू नकोस. ऋषीही जेवायला येणार आहे. तिघांचा स्वयंपाक करते.

तुझी आई


वारजे
२७ ऑक्टोबर

चि. अवनी,

वरचा पत्ता बघितलास ना? आले. स्वतःच्या घरी आले.

फार काही सामान नाही. खाट, कपाट, दोन खुर्च्या, नवा गॅस. बाळभाऊजी सोडायला आले होते. ओट्यावरून हात फिरवून म्हणाले, 'वहिनी, आमच्याकडे तुम्हाला त्रासच झाला.' मी म्हटलं, 'छे हो.' दोघांनाही खरं काय ते ठाऊक होतं आणि दोघांनाही एकमेकांविषयी बरं वाटत होतं. शर्मिलाने चकल्या तळून दिल्या आहेत, डबा भरून. ती वाईट नाही. दोन खोल्यांत तिसरं माणूस आलं की कोणीही तसंच होईल.

पहिल्या सकाळी उठून चहा केला आणि खुर्चीत बसून प्याले. कोणालाही विचारलं नाही. तुला वाटेल मी आनंदाने नाचले असेन. तसं काही झालं नाही. नुसती बसले होते. शीण इतका मुरला आहे की आनंद कुठून आत शिरायचा हे त्यालाही सापडत नसावं.

घर छान झालं आहे. बाथरूम सोडून.

आता लिहिलंच आहे तर सांगते. बाथरूममध्ये पाणी ओतलं की ते जाळीकडे जायचं सोडून दाराकडे येतं. फरशीवाल्याने उतारच उलटा दिला आहे. जमीन उचलली, त्या गडबडीत झालं असणार. अंघोळ केली की पाणी उंबरठ्यावरून बाहेरच्या बोळात येतं, तिथून हॉलकडे निघतं. ज्या घरात नदी शिरली त्या घरात आता मी रोज सकाळी स्वतःच्या हाताने पाणी सोडते आणि मग पोतेरं घेऊन त्याला अडवायला बसते. गुडघे बोलतात. काल पाय घसरला, पण भिंतीला धरलं, काही झालं नाही.

ऋषीला सांगितलेलं नाही. कसं सांगू? दीड महिना राबला आहे. अर्धं काम घरचं म्हणून केलं आहे. त्यात सणाच्या तोंडावर जावयाच्या कामात खोड काढायची? तो विचारतो, 'आई, सगळं ठीक ना?' मी म्हणते, 'उत्तम.' आणि तो यायच्या आधी सगळं कोरडं करून ठेवते.

तू आलीस की तूच सांग त्याला. बायकोने सांगितलेलं वेगळं असतं. खोडून नीट लिहीत बसत नाही, कागद एवढाच आहे. तू सांगितलेलं वेगळं असतं, असं वाच.

पाडव्याला वाट बघते.

तुझी आई


वारजे
५ नोव्हेंबर

अवनी,

आज चिरंजीव वगैरे नाही. आज मी रागावलेली आहे. शेवटपर्यंत वाच.

पाडव्याला मी तीन पाट मांडले. तीन ताटांभोवती रांगोळी काढली, बोळाच्या तोंडाशी, कारण हॉलमध्ये खाट आहे. तू येशील असं मला बारापर्यंत वाटत होतं. बाहेर रिक्षा थांबली की दारात जायची. साडेबाराला रिक्षातून सोजरबाई उतरल्या आणि मागून ऋषी. मी तुझ्या पाटाच्या जागी सोजरबाईंसाठी खुर्ची ठेवली.

ऋषी पाय धुवायला बाथरूममध्ये गेला. तो बाहेर यायच्या आत मी पुसणार होते, पण तेव्हा पुरणपोळी तव्यावर होती. त्याने बादलीभर पाणी ओतलं असणार. तो बाहेर आला आणि त्याच्या मागून पाणी आलं. बोळातून सरळ ताटांकडे. माझ्या डोळ्यांदेखत रांगोळी निघाली, आधी त्याच्या ताटाची, मग माझ्या.

'हे कधीपासून?' तो म्हणाला.

'थोडंसं येतं. मी पुसते,' म्हणून मी पोतेरं घेतलं. नेसूची साडी बारीक जरीची, हातात पोतेरं.

'आई, ते आधी खाली ठेवा.' त्याचा आवाज चढला होता. त्याला मी कधी चिडलेला पाहिला नव्हता. 'तुम्ही इथे राहायला आल्यापासून हे रोज पुसताय? पडला असतात तर? मला एक फोन करता आला नाही? त्या इंद्रजीतला तुम्ही काय काय बोललात ते अख्ख्या सोसायटीला पाठ आहे. मला का नाही बोललात?'

'जावयाला बोलायचं नसतं,' मी म्हटलं.

दुसरं काय सांगणार होते? तेच खरं होतं.

तो भिंतीला टेकून उभा राहिला. मग हळू म्हणाला, 'आई, मी जावई नाही. चार वर्षं झाली. मी कॉन्ट्रॅक्टर आहे आणि माझं काम चुकलंय. तुम्ही मला शिरा खाऊ घालत राहिलात तर मला ते कळणार कसं?'

सोजरबाई खुर्चीतून म्हणाल्या, 'आता बोलतोच हाईस तर त्ये बी सांग. किती दिस गिळून बसनार?'

त्याने मान खाली घातली. मग त्याच सांगायला लागल्या. तुळशीचं लग्न झालं की ऋषीचं लग्न आहे. मुलगी तनुजा, बँकेत आहे, उरुळीची. 'तुमी त्याला जावई म्हून वाढता, त्याच्या तोंडातनं शबूद कसा निघंल? रोज म्हनायचा, आज सांगतो. रोज शिरा खाऊन परत यायचा.'

माझ्या हातातलं पोतेरं तिथेच पडलं. पहिलं मनात आलं ते तुझं. मी म्हटलं, 'सोजरबाई, हे अवनीला कळलं तर तिला काय वाटेल?'

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. 'तिला? तिला तर ह्यानं समद्यांच्या आदी सांगितलं. तिनं तनुजाशी बोलून घेतलं बी. अवो बाई, पानी आलं त्या दिशी तिचाच फोन आल्ता. आमी च्या पीत व्हतो. आई फोन उचलंना, बघ जरा, म्हनली. ह्यो कप तसाच ठिवून पळाला.'

मी ओल्या पाटावर बसले.

म्हणजे दोर घेऊन पाण्यातून येणारा माणूस तू पाठवलेला. गाळ काढणारी माणसं तू सांगितलेली. पिवळा रंगसुद्धा तूच कळवलास, ऋषीने कबूल केलं. मी इथे बसून जपून जपून एकेक गोष्ट लिहीत होते, हे सांगू की नको, ते झाकू की नको, आणि तिकडे तुला सगळं आधीच ठाऊक. 'अजून दुसरं लग्न केलेलं नाही' हे वाचून तुम्ही दोघे फोनवर किती हसला असाल, देव जाणे. नाही हसलात, असं ऋषी म्हणतो. म्हणाला, 'ती रडली होती.' त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवलेलं नाही.

त्या वेळी मात्र मला एवढा राग आला होता की कोणावर काढू ते कळेना. तू हजार किलोमीटरवर. समोर तो होता. मग मी उठले आणि त्याला बोलले. तोंडाचा पट्टा सोडला तो सोडलाच. 'अरे गाढवा,' म्हटलं, 'डिप्लोमा केलास ना? पाणी वरून खाली जातं हे त्यात शिकवलं नाही का? बादलीभर पाणी ओतून बघायला तुझे हात झिजले असते का? आणि तो ओटा! खिडकीखाली ओटा घ्यायला तुला कोणी सांगितलं होतं? वाऱ्याने गॅस विझतो माझा. लग्न ठरलंय तर तोंडाने सांगता येत नाही? मी काय खाणार होते तुला?' पहिल्यांदाच त्याला 'अरे तुरे' केलं. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली, तिथेही ऐकू गेलं असेल, जाऊ दे.

तो उभा राहून सगळं ऐकत होता. शेवटी त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. सोजरबाई म्हणाल्या, 'हां, आता कसं मानसावानी बोललीस.'

मग आम्ही जेवलो. रांगोळी नव्हती. त्याने स्वतः वाढून घेतलं, मी त्याच्याबरोबरच बसले, त्याच्या आधी नाही की नंतर नाही. पुरण जरा सैल झालं होतं, ते त्याने सांगितलं. पहिल्यांदाच त्याने माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलं आणि मला ते आवडलं. दुसऱ्या दिवशी फरशी उखडली, काल नवी बसवली. बादली ओतून माझ्या समोर दाखवलं. पाणी जाळीत गेलं. ओटा मात्र तसाच राहू दे म्हटलं, सवय झाली.

आता तुझ्याशी. तुमचं का मोडलं हे मी चार वर्षं शोधत होते. काहीतरी भयंकर सापडेल आणि मग मी ते जोडून देईन, असं मला वाटायचं. घर दुरुस्त करता करता तेही करीन, म्हणून मी ऋषीला काम दिलं. तुला ते दुसऱ्याच पत्रात कळलं असणार. तुमचं काही मोडलेलंच नाही, हे मला पाडव्याला कळलं. संसार तेवढा नाही तुमचा. बाकीचं आहे, आणि मला वाटतं पुष्कळ जोडप्यांपेक्षा जास्त आहे. मी त्यात हात घालणं बंद केलं. लग्नाला मी जाणार आहे. तनुजाला साडी घेऊन ठेवली, हिरवी. ऋषीला काही नाही. कॉन्ट्रॅक्टरला आहेर करायची आपल्यात पद्धत नाही.

रागावले आहे ते याच्यासाठी की माझ्यासाठी घाबरलीस ते तू त्याला सांगितलंस, मला नाही. मला वाटत राहिलं की घराच्या नादात मी मुलगी घालवली. रोज बसमधून येताना मला तेच वाटायचं, अवनी. गाळ, ओल, ते सगळं सोसवलं. ते नव्हतं सोसवत.

घर मी विकणार नाही. ते माझं आहे. पण नदीपुढे मी हट्ट करत बसणार नाही, ती माझ्याहून म्हातारी आहे आणि तिची जागा होती, हे सोजरबाईंनी सांगितलं ते खरं आहे. तेव्हा पावसाचे महिने मी तुझ्याकडे येते. बाकीचे इथे, माझ्या चहाबरोबर. लेकीच्या घरी राहू नये असं माझी आई सांगायची. ती तिसऱ्या मजल्यावर राहायची, तिला सांगायला काय जात होतं.

जूनमध्ये मला न्यायला ये. आणि हे बघ, या वेळी कुणाला पाठवू नकोस. तूच ये.

आई